फॉर्म कोणासाठी

पहिली पाळी सुटल्याचा भोंगा वाजून दहा मिनिटं झाली होती. सायकल स्टँडवर ही गर्दी. रामराव आपल्या सायकलच्या कुलपाशी खटपट करत होते, तेवढ्यात मागून भाऊराव आले. भाऊराव त्यांच्याच मशीन शॉपमधले, दोन लेथ पलीकडचे. मान जरा पुढं काढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "रामरावजी, तुमचा पोट्टा मोठा झाला बरं का. मुलींच्या कॉलेजसमोर उभा राहून राहिला. आज तिसरा दिवस. माझी भाची सांगत होती. फॉर्मच्या रांगेत, म्हणे, सगळ्या पोरी अन् मधात हा एकटा." आजूबाजूचे दोघंतिघं हसले. कोणीतरी म्हणालं, "अच्छा! बाप पर नहीं गया, फिर." रामरावांनी कुलूप काढलं, सायकल बाहेर घेतली आणि "पाहतो त्याले," एवढंच म्हणून पायडलवर पाय ठेवला.

तोफांच्या गाड्यांच्या त्या फॅक्टरीपासून गढ्यातल्या घरापर्यंतचा रस्ता लांब होता. बावीस वर्षं तो रस्ता त्यांच्या पायांत बसला होता, त्यामुळं डोकं मोकळं राहायचं. आज मात्र डोक्यात राग शोधावा तर राग सापडत नव्हता. राग यायला हवा होता. पासष्ट सालचा जुलै, पोरगा गुणवंत अकरावी पहिल्या वर्गात पास झालेला, गणितात सगळ्यांच्या वर, इंजिनीअरिंग कॉलेजच्या यादीची वाट बघायची सोडून तो पोरींच्या रांगेत उभा राहतो. पण रागाच्या जागी छातीत काहीतरी ऊबदार हललं होतं. मदनमहालच्या खडकांपाशी चढ लागला तसे ते खाली उतरले, सायकल हातात धरून चालू लागले आणि त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. त्यांना बरं वाटत होतं. गुणवंत कुण्या पोरीमागं आहे म्हणून बरं वाटत होतं. म्हणजे आजवर काय वाटत होतं? एवढी वर्षं एक काळजी आपल्या पोटात बसून होती, आणि ती गेल्यावरच ती होती हे कळलं. गुणवंत कबड्डीत नव्हता, पानठेल्यावर नव्हता. आठ वर्षांचा असताना तो बापाचं मनगटी घड्याळ मागून घ्यायचा आणि चुलीजवळ बसून तुरीची डाळ किती मिनिटांत शिजते ते बघायचा. नदीच्या पाण्यात इतकी, विहिरीच्या पाण्यात इतकी. मागच्या वर्षी शाळेची सहल भेडाघाटला गेली होती. बाकीची पोरं धबधब्यापाशी शिट्ट्या मारत होती, आणि हा संगमरवराच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिराच्या बायकोपाशी बसून, धूळ उडते त्या जागेत तुम्ही जेवता कशा, असं विचारत होता. मास्तरांनी हे हसत सांगितलं तेव्हा रामरावही हसले होते. पण ते हसणं वरवरचं होतं, हे त्यांना आत्ता, सायकल ढकलताना उमगत होतं.

आणि मग, त्या चढावरच, त्यांना विठोबाकाका आठवला. त्रेचाळीस साली आर्वीहून काकानंच त्यांना इथं आणलं. मोठं युद्ध चालू होतं, फॅक्टरीला माणसं पाहिजे होती. भरतीच्या आदल्या दुपारी स्टेशनच्या यार्डाजवळ झाडाखाली बसून काका म्हणाला, हात दाखव. रामरावांचे हात मऊ होते. आर्वीला ते एका दुकानात कापड मोजून द्यायचे. काका म्हणाला, "हे हात पाहून तुला स्टोअरात टाकतील नाही तर तंबू शिवायले बसवतील. सुई घेऊन बसशील बायकांसारखा?" मग काकानं विटेचा एक तुकडा हातात दिला. तासभर रामराव तळव्यावर वीट घासत बसले. कातडी सोलली, बोटांच्या मुळाशी रक्त आलं. दुसऱ्या दिवशी गेटवर एका सार्जंटनं खरंच तळवे चाचपले, मान हलवली आणि त्यांना मशीन शॉपकडं पाठवलं. ही गोष्ट ते घरी बरेचदा सांगत. मोठ्या अभिमानानं सांगत. आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की वीट घासली नसती तर मी तंबू शिवले असते. आणि तंबू शिवणारे पुष्कळ पुरुष त्या फॅक्टरीत होते, चांगले मिशीवाले, त्यांना कोणी बायका म्हणत नव्हतं. सुई तीच, पण कापड फौजेचं. हे काही नीट जुळत नव्हतं. ते पुन्हा सायकलवर बसले.

घरी पोचले तेव्हा अंजनी, त्यांची बायको, ओसरीवर गहू निवडत होती, आणि गुणवंत दारातल्या नळावर भांडी घासत होता. रोज घासायचा. दोन वर्षांपूर्वी अंजनी त्याच नळावर चक्कर येऊन पडली होती; डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी. तेव्हापासून हे काम त्यानं घेतलं, आणि घरातल्या कोणी ते परत मागितलं नाही. रामरावांनी हातपाय धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि रागावल्याचा आव आणून, पण आतून जवळजवळ मजेत विचारलं, "काहून रे, कोण आहे ती?"

"कोण, बाबा?"

"मुलींच्या कॉलेजसमोर तीन दिवस उभा राहून राहिला ना? सगळी फॅक्टरी सांगून राहिली मले. नाव तरी सांग."

गुणवंतानं हातातलं पातेलं पालथं घातलं. त्याचा चेहरा लाल झाला, पण रामरावांना पाहिजे होता तसा नाही. "मी फॉर्म आणायला गेलो होतो," तो म्हणाला.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

अंजनीचा गव्हातला हात थांबला. गुणवंत उभा राहिला, हात विजारीला पुसले आणि पाठ केल्यासारखं बोलला. त्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवतात, त्यात आहार आणि पोषण असा विषय आहे, त्याला तो शिकायचा आहे. खिडकीवरचा क्लार्क म्हणतो फॉर्म फक्त मुलींना. मुख्य बाई निर्णय देतील, उद्या या. रोज उद्या या म्हणतो. म्हणून तो रोज जातो.

"स्वयंपाक शिकायले?" रामरावांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "पहिल्या वर्गात पास होऊन? आमच्या शॉपच्या साहेबाचा, चार्जमनचा, पोट्टा बीए करून राहिला, तर साहेब तोंड लपवते. अन् माझा पोट्टा पोरींच्या वर्गात बसून पोळ्या लाटणार?"

"पोळ्या मला येतात, बाबा. त्यासाठी कॉलेज कशाला?" हे त्यानं उद्धटपणे म्हटलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. "आईचं रक्त कमी काहून झालं ते मला पाहायचं आहे."

"मग डॉक्टर हो!"

"डॉक्टर माणूस पडल्यावर येते. मला त्याच्या आधीचं पाहायचं आहे." तो म्हणाला. "आपल्या घरात कोणी उपाशी नाही. तुमचा पगार चांगला आहे. तुमच्या शॉपला लागून भट्टी म्हणून तुम्हाला फॅक्टरीत पावशेर दूध मिळते. तुमच्या ताटात वरण घट्ट असते, माझ्या ताटात त्याहून जरा पातळ. आईचं ताट मी कधी पाहिलंच नव्हतं. कारण आपण उठल्यावर ती बसते. मंग एक दिवस मी मुद्दाम पाहिलं. पातेल्यात पाणी घालून तिनं खालचं खरवडून घेतलं, अन् त्यात भात कालवला. रोज तसंच. दोन महिने पाहिलं मी."

"चूप बस!" हे रामराव नाही, अंजनी ओरडली होती. सूप बाजूला सारून ती उठली. तिचे डोळे भरले होते, पण रागानं. "माझं जेवण पाहत होता तू? लपून? अन् ते सांगायले कॉलेजात चालला? लोकं म्हणतील, रामरावाच्या घरी बाईले खायले नाही. मला इंजिनीअर पोरगा पाहिजे. मी मागितलं होतं का तुला काही?"

ती आत गेली. बापलेक नळाशी उभे राहिले. रामरावांना दोन गोष्टी एकदमच कळल्या, आणि दोन्हींची त्यांना लाज वाटली. एक, पोरगा पोरीमागं असता तर आत्तापर्यंत सगळं मिटलं असतं, अंजनीही हसली असती. दुसरी, बायको किती खाते हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. थोडं नाही, अर्धं नाही, काहीच माहीत नव्हतं. एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला जेवताना पाहिलं होतं का? लग्नात पाहिलं होतं, एका ताटात. मग नागपूरला तिच्या भावाच्या लग्नाच्या पंगतीत, पण तिथं बायकांची पंगत मागून होती. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. तिचे हात दिसत होते, वाढणारे, पदर खोचलेली कंबर दिसत होती, तोंड हलताना मात्र दिसत नव्हतं.

पुढचे चारपाच दिवस असेच गेले. गुणवंत कॉलेजकडं जायचा आणि परत यायचा. शॉपमध्ये लेथवर उभं राहिलं की रामरावांचं मन त्याच एका जागी जाई. त्यांचं काम बारकाईचं. तुकड्यावर एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जास्त उतरला तरी तपासनीस तो फेकून देई. बोटाच्या पेराखाली तो फरक त्यांना कळे. आणि अशा माणसाला घरातल्या ताटांमधला हातभर फरक दिसला नाही, हे कसं? ते स्वतःला दोष देत नव्हते, निदान अजून तरी नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आपली नजर कुठवर जाते आणि कुठं थांबते? ती तिथंच थांबावी असं कोणी शिकवलं? काकानं विटेचा तुकडा दिला, तसं हेही कोणीतरी हातात दिलं असेल, आणि आपण घासत बसलो असू.

एक दिवस रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून ते त्या कॉलेजात गेले. निघताना त्यांनी ठरवलं होतं, बाईंना सांगायचं, माझ्या पोराला सरळ नाही म्हणा, तो रोज आशेनं येते. फाटकावर चौकीदारानं अडवलं. "जेंट्स अंदर नहीं जाएँगे, भैया. उधर बैठिए." ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. समोर खिडकी होती. आत लांब टेबलं, गॅसच्या निळ्या ज्योती, पांढरे कोट घातलेल्या मुली. एक मुलगी छोट्या चिनीमातीच्या वाटीत काहीतरी जाळत होती. पोळीचा तुकडा होता तो. जळून राख झाला, तसा तिनं चिमट्यानं वाटी उचलली आणि काचेच्या पेटीतल्या तराजूत ठेवली. रामराव नकळत उठून खिडकीशी गेले. एवढा नाजूक तराजू फॅक्टरीच्या टेस्ट रूममध्ये एकच होता, आणि त्याला हात लावायला परवानगी लागायची. मुलीनं श्वास रोखून धरला होता, काटा हलू नये म्हणून. तो रोखलेला श्वास त्यांच्या ओळखीचा होता. मोठ्या कामाच्या शेवटच्या कापाला तेही तसाच धरत. ती राखेचं काय मोजते आहे हे त्यांना कळेना, आणि ते विचारावं असं त्यांना इतकं वाटलं, की आपण कशाला आलो हे क्षणभर विसरायला झालं.

"त्यात लोह किती आहे ते बघतेय ती," मागून आवाज आला. साठीकडं झुकलेल्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक बाई उभ्या होत्या. त्या प्रमोदिनीबाई, कॉलेजच्या मुख्य. "तुम्ही गुणवंतचे वडील ना? तोही त्याच खिडकीशी उभा असतो."

रामरावांनी हात जोडले. जे ठरवून आले होते ते त्यांच्या तोंडातून निघेना. त्याऐवजी ते म्हणाले, "बाई, पोळीत लोखंड असते?"

"असतं. पण ते रक्तात किती उतरतं हा वेगळा प्रश्न. सोबत काय खाल्लं, जेवणावर चहा प्यायला का, यावर आहे." त्यांनी रामरावांना ऑफिसात बसवलं. मग आडपडदा न ठेवता बोलल्या. "मी त्याला घेऊ शकत नाही. हे मुलींचं कॉलेज आहे, नियम माझ्या हातात नाही. हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. माझीच चूक झाली. मला त्याच्याशी बोलायला आवडायला लागलं. तो विचारतो, घरात जी रांधते तीच सगळ्यांत कमी का खाते? सतरा वर्षं शिकवतेय. माझ्या एकाही मुलीनं हे विचारलं नाही. त्यांना विचारावंसं वाटत नाही, कारण त्यांना ते माहीत आहे."

रामराव म्हणाले, "बाई, आमच्याकडं लोकं हसतात. मर्दानं हे शिकावं का?"

"हसतील," बाई म्हणाल्या. "माझे वडीलही हसले होते, मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा. मला शेवटी इथं येऊन, स्वयंपाकाच्या नावाखाली, रसायन शिकवायला मिळालं. त्याला उलट करावं लागेल. रसायनाच्या नावाखाली हे." मग त्यांनी सांगितलं, की दुसऱ्या कॉलेजात बीएस्सीला रसायन घेता येईल, तिथं मुलं चालतात. पुढं दक्षिणेत पोषणाच्या संशोधनाची एक संस्था आहे, तिथं त्यांची विद्यार्थिनी काम करते. वाट लांब आहे. नोकरीची खात्री नाही. इंजिनीअरिंगची जागा सोडली तर परत मिळणार नाही. "हे मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

रामरावांना ते ओझं नको होतं. नियम म्हणतो नाही, असं घरी सांगितलं असतं तर सगळं संपलं असतं, आणि खोटंही ठरलं नसतं. ऑगस्टभर त्यांनी ते सांगितलंही नाही आणि लपवलंही नाही, नुसतं जवळ बाळगलं. या काळात काश्मीरकडून बातम्या यायला लागल्या. फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला, दहा तास, मग बारा. चार्जमन रोज सांगायचा, मर्दांची परीक्षा आहे ही. तोफांचे गाडे एकामागून एक बाहेर पडत होते. एके दिवशी घामानं थबथबलेल्या दुपारी शेजारच्या भट्टीवर घण मारणारा एक धिप्पाड घणकरी चक्कर येऊन कोसळला. त्याला पाणी मारलं, उचलून सावलीत नेलं, आणि चार्जमन म्हणाला, काही नाही, गर्मी. रामरावांनी मात्र त्याच्या उघड्या डब्यात पाहिलं. मिरचीचं लोणचं आणि सहा कोरड्या पोळ्या, ना वरण ना भाजी. घरी पाच लेकरं. म्हणजे हा पुरुषही अंजनीसारखाच, वरण घरच्यांना ठेवून, जेवत होता, आणि ते कोणाला माहीत नव्हतं. त्याला विचारलं असतं तर तो मेला असता, पण बोलला नसता.

ऑगस्टच्या शेवटी इंजिनीअरिंगची दुसरी यादी लागली. गुणवंतचं नाव होतं. अंजनीनं शेजारी पेढे वाटले. त्याच संध्याकाळी रामरावांनी पोराला ओसरीवर बसवलं आणि प्रमोदिनीबाईंचं सगळं बोलणं, एकही शब्द न गाळता सांगितलं. नोकरीची खात्री नाही हे दोनदा सांगितलं. गुणवंतानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, तुम्ही मला हे काहून सांगितलं?" रामराव म्हणाले, "तुला माहीत असायला पाहिजे होतं." मग म्हणाले, "अन् मलाही पाहायचं आहे, तू काय शोधून आणतो ते."

बीएस्सीच्या फॉर्मवर वडिलांची सही लागते. ती त्यांनी केली. अंजनीनं दोन दिवस त्याला भांड्यांना हात लावू दिला नाही. शॉपमध्ये भाऊरावांनी विचारलं, "इंजिनीअरिंग सोडलं? पोरीसाठीच ना? खरं सांगा, भैया." हो म्हणणं इतकं सोपं होतं. सगळे पाठीवर थाप मारून सोडून देणार होते. रामरावांनी हातातलं माप तपासायचं गेज खाली ठेवलं आणि म्हणाले, "नाही. माणसाच्या ताटात कमी काहून पडते, ते शिकायले चालला." मशीनच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दिवसापासून शॉपमध्ये त्यांना 'डब्बा मास्टर' म्हणू लागले. जेवणाच्या सुटीत लोक डबा उघडून पुढं करत, "मास्टर, पास का फेल?" रामरावांना ते लागत असे. रात्रपाळीच्या थकव्याहूनही जास्त लागत असे. एकदाच असं झालं, की तो घणकरी हात धुवायच्या हौदापाशी एकटा सापडला आणि इकडंतिकडं बघून म्हणाला, "रामराव भाई, मेरी घरवाली को भी चक्कर आता है. लड़के से पूछना ज़रा." एवढं म्हणून तो झटकन निघून गेला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लढाई उघड सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. रामरावांची दुसरी पाळी होती, दुपारी निघायचं. निघायच्या आधी बाराच्या सुमारास अंजनीनं ताटं घेतली, दोन. रामराव पाटावर बसले नाहीत. त्यांनी कोनाड्यातून तिसरं ताट काढलं आणि आपल्या ताटाशेजारी ठेवलं. "बस," ते म्हणाले.

"काय खूळ आहे हे," अंजनी म्हणाली. "मी मागून बसते. पोळ्या तव्यावर आहेत."

"पोळ्या गुणवंत पाहील. तू बस."

ती बसली, पण अशी, की कोणत्याही क्षणी उठता यावं. पदर सावरला, नजर चुलीकडं ठेवली. परक्या घरी जेवायला आलेल्या बाईसारखी अवघडली होती ती. रामराव वाढायला उठले आणि तिथंच अडकले. हातात पोळ्यांची टोपली, समोर बायकोचं रिकामं ताट, आणि आकडा ठाऊक नाही.

"किती पोळ्या खातेस तू?" त्यांनी विचारलं.

अंजनीनं वर पाहिलं. प्रश्न तिला खरंच कळला नव्हता. थोडा विचार करून ती म्हणाली, "मला काय माहीत? उरतील तितक्या."

चुलीपाशी गुणवंतानं तव्यावरची पोळी उलटली. रामरावांनी तिच्या ताटात एक पोळी ठेवली. मग दुसरी. मग वरण, तळापासून ढवळून. तिसरी पोळी हातात घेऊन ते वाट पाहत उभे राहिले, ती कुठं 'पुरे' म्हणते ते ऐकायला. तिनं पहिला घास घेतला, खाली मान घालून, सावकाश चावला. ती पुरे म्हणाली नाही. त्यांनी तिसरी वाढली.